मधल्याची मोजणी

मोजणीदाराला पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, शेतापर्यंत गाडी जाते ना?"

"पाण्यापर्यंत जाते," मी म्हटलं. "पुढं आमचा डोंगा येईल."

मग तो म्हणाला, "मला पोहता येत नाही हो."

"मलाही येत नाही. आणि मी तिथंच जन्मले."

हिंगोली जिल्ह्यात बेट आहे म्हटलं की लोक हसतात. आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी समुद्र बघितलेला नाही, बेट कुठून आणणार? पण धरणाचं पाणी आलं तेव्हा सेनगाव तालुक्याच्या कडेचं आमचं गाव बुडालं आणि गावामागची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली. गाव उठून दुसरीकडं वसलं. ज्यांच्या शेताचा एखादा तुकडा टेकडीवर होता अशी सहा घरं मात्र हट्टानं तिथंच राहिली. माझा जन्म त्यानंतरचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून चालत काठाला जाता येतं, एरवी डोंगा. आम्ही त्याला बेट कधी म्हटलं नाही, टेकाडच म्हणायचो. बेट हा शब्द मी भूगोलाच्या पुस्तकात वाचला आणि तो आपल्याला लागू होतो हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. पुढं मी गणिताची मास्तरीण झाले, भूगोलाची झाले नाही, ते बरंच झालं.

सहा घरांतली चार हळूहळू उठून गेली. कुणी गोरेगावला, कुणी हिंगोलीला. आता दोनच उरली आहेत, आमचं आणि शेजारच्या चाचांचं. आमच्या घरात माझी माय, धाकटा भाऊ आणि भावजय. त्यांच्या घरात चाचा आणि त्यांच्या मुलाचा संसार. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन हिंगोलीला आले, तिथंच नोकरी केली आणि तिथंच निवृत्त झाले.

आमचं शेत आणि चाचांचं शेत यांच्यामध्ये झाडोऱ्याचा एक लांबच लांब पट्टा आहे. त्याला सगळे 'मधलं' म्हणतात. बोरी, सीताफळी, हिवर, घाणेरी आणि कंबरेइतकं गवत. माझं सगळं बालपण मधल्यात गेलं. सहा घरांची पोरं शाळेतून आली की तिथंच. थोरल्या बोरीची बोरं आंबट असायची, पण तिच्यावर चढता यायचं, म्हणून तिचा मान मोठा. सीताफळ कुणी आधी पाहिलं यावरून मारामाऱ्या व्हायच्या आणि ते पिकेपर्यंत दोन्ही बाजूंचे पहारेकरी बसायचे. मी धाकट्या पोरांना ओळीनं बसवून तिथंच पाढे म्हणून घ्यायची आणि चुकलं की गवताच्या काडीनं मारायची. माझी पहिली शाळा ती. चाचांचा मुलगा माझा पहिला विद्यार्थी आणि सतराच्या पाढ्यात तो आजही अडकतो.

मी एकदा वडिलांना विचारलं होतं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. विचारलं, "दादा, मधलं कोणाचं हाय?"

"कोणाचंच न्हाई," दादा म्हणाले. "मधलं हाय."

मला ते उत्तर पुरलं. लहानपणी मी फारच समाधानी प्राणी होते.

मधल्यामुळं एका घरातून दुसरं घर दिसत नाही. म्हणून हाकेचा रिवाज पडला. दिवेलागणीला माय अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि हाक द्यायची, "जेवले का हो चाचा?" पलीकडून उत्तर यायचं, "जेवलो, भाभी. तुमी?" त्या वेळी कुणीच जेवलेलं नसायचं. चुलीवर पाणीसुद्धा नसायचं कधी कधी. पण उत्तर ठरलेलं. एका संध्याकाळी उत्तर आलं नाही. दादा हातातलं टाकून मधल्यातून तसेच पळत गेले. चाची तापानं बेशुद्ध पडली होती आणि चाचांना काही सुचत नव्हतं. दादांनी त्याच घटकेला डोंगा काढला. चाची त्यानंतर वीस वर्षं जगली. त्या दिवसापासून हाक कधी चुकली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मोजणी लावली.

झालं असं. दादा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावं लागली आणि मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. दोन एकर. दिवाळीला टेकाडावर गेले तेव्हा मी टेप घेऊनच गेले. भावजयीला एक टोक धरायला लावलं आणि आमचं वावर मधल्याच्या काठापर्यंत मोजलं. सात-आठ गुंठे कमी भरलं. मी पुन्हा मोजलं. तेवढंच. भावजय म्हणाली, "आक्का, सण हाय, घरात चला." पण मला आता कुठली करंजी गोड लागणार?

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. आमच्या वावरात कडुलिंबाचं एक झाड आहे, आमचा लिंब. लहानपणी आम्ही त्याच्याखाली भाकरी खायचो तेव्हा चारी बाजूंना पीक असायचं. तिथून मधल्यापर्यंत जायला आठ-दहा पावलं लागायची, कारण ज्वारीतून गेलं म्हणून दादा ओरडायचे. आता तोच लिंब घाणेरीत उभा होता. म्हणजे मधलं आमच्याकडं सरकत आलं होतं. झाडोरा आपोआप एका बाजूला कसा सरकेल? पलीकडून कुणीतरी रेटल्याशिवाय? मी तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या आहेत. मला उत्तर लगेच दिसलं. चाचांनी त्यांच्या बाजूनं मधलं खाल्लं आणि दादा भिडेपोटी गप्प बसले.

मी हे घरात बोलले तेव्हा भाऊ उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. माय मात्र बोलली.

"बाई, हितं दोनच घरं राह्यली. तू मोजशील आन हिंगोलीला जाशील निघून. सांजच्याला म्या हाक कोणाला मारू?"

"माय, भांडण कुठं करायचंय? नुसतं मोजायचंय."

"मोजून कोण गोड झालंय आजवर?"

मी ऐकलं नाही. मला जमीन नको होती, हे मी शपथेवर सांगते. मला उत्तर बरोबर यायला हवं होतं, एवढंच. आणि आत कुठंतरी असंही होतं की माझ्या दादांना कुणी भोळं समजून फसवलं, ते मला सोसवत नव्हतं.

मोजणी खात्याकडं अर्ज करून वाट बघायची माझी तयारी नव्हती. हल्ली परवाना असलेले खासगी मोजणीदारही मिळतात, असं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. त्यानंच नंबर दिला. भाऊ म्हणाला, "उन्हाळ्यापस्तोर दम धर, पाणी उतरल्यावर साहेब चालत येतील." तोही दम मला निघाला नाही. पोहता न येणाऱ्या माणसाला मी गोड बोलून कबूल केलं. लगतच्या शेतकऱ्याला नोटीस द्यावी लागते, तीही त्यानं काढली.

टेकाडावर पोस्टमन येत नाही. सगळी टपालं काठावरच्या चहाच्या टपरीत ठेवतात. चाचांच्या नावाची नोटीस टपरीवाल्यानं माझ्या भावाच्या हातात दिली. चाचांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. त्यांचा मुलगा ऊसतोडीला लांब गेलेला. तेव्हा माझ्या भावानंच ती नोटीस आपल्या डोंग्यातून नेली, चाचांच्या अंगणात बसून त्यांना वाचून दाखवली आणि अर्जदार म्हणून स्वतःच्या बहिणीचं नावही वाचलं. त्याला कसं वाटलं असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "आक्का, चाचा हाकेला ओ देऊन न्हाई राहिले. माय रोज उभी राह्यते. काल तर दोनदा हाक मारली."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"तब्येतीला काय झालं? दिवसा वावरात दिसतात. माय दिसली की खाली मान घालून जातात."

मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, खाली मान घालायला कारण असणारच. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तेव्हा मला तसंच वाटलं आणि थोडा आनंदही झाला.

मोजणीचा दिवस संक्रांतीनंतरचा. मोजणीदार तिशीतला, स्वच्छ बूट घातलेला. त्याच्याकडं पिवळी पेटी आणि एक उंच दांडा. डोंग्यात तो बरोबर मध्ये बसला, पेटी पोटाशी कवटाळली आणि डोळे मिटले. भाऊ वल्हवता वल्हवता म्हणाला, "साहेब, खोल न्हाई फार. खाली आमचीच जमीन हाय." साहेबांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

टेकाडावर पाय टेकल्यावर मात्र तो एकदम दुसराच माणूस झाला. त्यानं अंगणात जुन्या नकाशाची प्रत पसरली. माय वाकून बघू लागली. तिला अक्षर येत नाही, पण तिनं बोट ठेवून विचारलं, "आमची हीर कुठं हाय ह्याच्यात?" त्यानं नकाशा बघितला, यंत्राकडं बघितलं आणि मग लांब पाण्याकडं हात केला. तिथं दोन बगळे बसले होते. माय बराच वेळ तिकडं बघत राहिली. "गोड पाणी होतं," ती म्हणाली. "बैलगाडीची वाट हिरीवरूनच जायची." लग्न होऊन आली तेव्हा त्याच वाटेनं ती आली होती. इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं की तू कुठून आलीस, कुठलं पाणी प्यायलीस.

मग आम्ही वावरात गेलो. चाचा त्यांच्या बाजूला काठी टेकून उभे होते, सून मागं. मी जयभीम घातला. त्यांनी हात कपाळाला लावला, पण वर बघितलं नाही. आणि तेवढ्यात मला ते दिसलं. त्यांच्या वावरात हरभरा हिरवागार उभा होता, पण मधल्याला लागून दोन ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उपटलेल्या. माती अजून ओली होती. मी मोजणीदाराला म्हटलं, आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा साहेब. पुरावा काढून टाकला."

त्यानं दांडा रोवला, यंत्र चालू केलं आणि कामाला लागला. तो मधल्यात शिरला, काट्यांनी ओरबाडला, बाहेर आला, पुन्हा शिरला. मी, भाऊ आणि भावजय आमच्या बाजूला, ते दोघं त्यांच्या बाजूला. असे चार तास गेले.

शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, "मी एकदा परत घेतो. काहीतरी चुकतंय." परत घेतलं. मग त्यानं आम्हा सगळ्यांना मधल्याच्या तोंडाशी बोलावलं.

"मॅडम, तुमची जमीन सात गुंठे कमी भरते. बरोबर आहे तुमचं."

मी चाचांकडं बघितलं.

"चाचांचीही सात गुंठे कमी भरते," तो म्हणाला.

"मग गेली कुठं?"

त्यानं दांड्यानं मधल्याकडं दाखवलं. "ही काय. हे गायरान नाही, सरकारी नाही, काही नाही. हद्द बरोबर त्या मोठ्या बोरीतून जाते. अलीकडचे वीस फूट तुमचे, पलीकडचे वीस फूट त्यांचे. मी इतकी वर्षं मोजण्या करतोय. दोन शेतांमधला बांध, तुमचा धुरा, कोरून कोरून वहीच्या रेघेएवढा केलेला रोज बघतो. चाळीस फुटांचा धुरा कुठं बघितला नाही. तुम्ही लोकांनी हे केलं काय?"

वर्गात पोरगं फळ्यासमोर उभं राहतं तशी मी उभी होते. मी भावाकडं बघितलं, तर तो बोटानं माती उकरत होता.

"तुला माहीत होतं?"

"दादा म्हणायचे," तो म्हणाला, "धुऱ्यापाशी आलं की नांगराची एक रेघ, एक तास, आलीकूनच फिरव. पाणी आलं तव्हा खुणेचे दगड गेले सगळे. चाचांची खालची जमीन आपल्याहून जास्त बुडाली. चुकून आपला नांगर त्यांच्यात जाऊ नये. म्हणून एक तास सोडायचं. सोडलेल्यात गवत होते, फुडल्या साली गवताच्या आलीकून फिरवायचं. म्याबी तसंच करतो."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस? दिवाळीत? मी टेप घेऊन फिरत होते तेव्हा?"

"तू इचारलं कव्हा, आक्का? तू मोजलंस."

मी तिथंच मनात भागाकार केला. वीस फूट, साठेक वर्षं. वर्षाला चार इंच. नांगराचं एक तास, थोडंफार इकडंतिकडं. उत्तर बरोबर आलं. इतकं बरोबर आलेलं उत्तर मला आयुष्यात कधी इतकं बोचलं नाही. आणि पलीकडूनही तेच. एकमेकांना न सांगता दोन घरं साठ वर्षं मागं मागं सरत राहिली, आणि मध्ये जे उरलं त्यात मी बोरं खाल्ली, पाढे शिकवले आणि मोठी झाले. लिंब झुडपात गेला तो माझ्या दादांच्या हातानं गेला.

"चाचा," मी म्हटलं. "हरभरा का उपटला मग?"

चाचांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला.

"नोटीस आली, बेटी. म्हणलं, आता नजर बराबर न्हाई, सुनेनं पेरलं, गेलं असंल चुकून तुमच्यात. साहेबासमोर तुमच्या जमिनीत माझा हरभरा उभा दिसला असता, तर दादाला वर गेल्यावर काय तोंड दाखवू? आठ दिवस इचार करून राह्यलो. काल काढून टाकला."

"आणि मायच्या हाकेला ओ?"

"शरम वाटत होती," ते म्हणाले. "ज्याचं खाल्लं त्याला 'जेवलो' म्हणून कसं सांगावं?"

मी त्यांच्या पायाशी वाकले. पाढे चुकल्यावर ज्यांच्या मुलाला मी काडीनं मारलं, त्यांच्या पायाशी. "चाचा, चुकलं माझं."

"कशाचं चुकलं? कागदावर तर बराबर आलं," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोजणीदारानं दुसरीकडं तोंड फिरवून उगीचच यंत्र पुसलं. माय तोवर अंगणातून काठी टेकत आली होती. तिनं काय झालं ते विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "आता चहा तरी पाजा त्या साहेबाला, सकाळपून उपाशी हाय."

जबाबावर आमच्या सह्या झाल्या, चाचांनी उर्दूत सही केली. साहेबांनी विचारलं, हद्दीचे दगड कुठं रोवायचे? नियमानं रोवायलाच हवेत. आम्ही ते मधल्यात, थोरल्या बोरीच्या दोन बाजूंना रोवले. पुढच्या वर्षीच्या गवतात ते दिसेनासे होतील, हे सगळ्यांना माहीत होतं.

निघताना चाचांची सून ओल्या पोत्यात गुंडाळलेला मोठा भारा घेऊन काठापर्यंत आली. उपटलेला हरभरा. "अब्बांनी पाठवला," ती म्हणाली. "वाया काहून घालायचा? हिंगोलीला लेकरांना ढाळे खायला होतील म्हणले." मी नको म्हणू शकले नाही. नको म्हणायचा हक्क मी गमावला होता.

ऊन उतरलं होतं. मोजणीदार पुन्हा मध्ये बसला, पण या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले होते. मी भारा मांडीवर घेतला आणि एक घाटा फोडला. आत दाणा नव्हता, नुसतं पाणीदार हिरवं टिपूस. दुसरा फोडला, तोही तसाच. तिसरा. अजून पंधरा-वीस दिवस जमिनीत राहायला हवा होता तो. दोन ओळींतला एकही दाणा भरला नव्हता. मी ते रिकामे घाटे तोंडात टाकले आणि चावत राहिले.

आम्ही अर्ध्या पाण्यात असताना मागून मायची हाक आली. पाण्यावरून आवाज लांब जातो.

"जेवले का हो चाचा?"

भावानं वल्हं वर धरलं. डोंगा आपसूक हलत राहिला. मी मोजायला लागले, सवयच ती. एक, दोन, तीन. सात झाले तरी काही नाही. मोजणीदारसुद्धा मागं वळून बघत होता. बारापर्यंत मोजलं तेव्हा पलीकडून घोगरा, थकलेला आवाज आला.

"जेवलो, भाभी. तुमी?"

मी पदरात तोंड घालून रडले. परक्या माणसासमोर, भर पाण्यात, मोठ्यानं. भाऊ वल्हं तसंच धरून माझ्याकडं बघत बसला होता.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "वल्हव की. साहेबांना पोहता येत नाही."